झाडावर चढणाऱ्याचे हेल्मेट कसे निवडावे?



मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आपण पाठवलेल्या मदतीतून झाडावर चढून पोट भरणाऱ्या आपल्या पाड्यांवरील भावांसाठी हेल्मेट घेतली होती. दोन पोती भरून पिवळी हेल्मेट टेम्पोतून आली, वाटप झाले, फोटो निघाले आणि ते फोटो आपण याच त्रैमासिकात पाहिलेही. या वर्षी मात्र आम्ही मागितलेल्या हेल्मेटांची संख्या बरीच कमी आहे आणि एका हेल्मेटची किंमत कितीतरी जास्त. काही देणगीदारांनी पत्राने विचारले की असे का? प्रश्न योग्य आहे, आणि तो विचारलात याचा आनंदही आहे. उत्तर लिहायचे काम माझ्याकडे आले, कारण त्या पिवळ्या हेल्मेटांपैकी एक आज माझ्या दवाखान्यात औषधांच्या कपाटाखाली ठेवलेले आहे.

ज्याचे ते हेल्मेट आहे तो तरुण किनाऱ्याकडच्या एका वाडीत नारळाच्या झावळ्या उतरवायला गेला होता. काम संपले होते. खाली येताना दोन पुरुष उंचीवरून पाय घसरला आणि डोके पाटाच्या दगडी कडेवर आपटले. हेल्मेट डोक्यावर होते, पण हनुवटीखालची पट्टी गळ्याला खाजते म्हणून त्याने ती वर दुमडून आत खोचली होती. "माझ्याआधी ते खाली पोचले, सिस्टर," असे त्याने मला नंतर सांगितले. थोडा वेळ शुद्ध नव्हती. मग उठला, पाणी प्यायला, चालत घरी आला. रात्री उलट्या सुरू झाल्या आणि पहाटे त्याला झोळीत घालून माझ्याकडे आणले. डोक्यात रक्त साकळले होते. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. पण उजव्या हाताची पकड पूर्वीची राहिली नाही, ऊन लागले की डोके दुखते, आणि झाडावर तो पुन्हा चढणार नाही. सध्या चिकूच्या वखारीत फळे निवडायला जातो.

त्याच्या निष्काळजीपणावर बोट ठेवणे सोपे होते. मीही पहिल्या दिवशी तेच केले. मग ते हेल्मेट हातात घेऊन नीट पाहिले. पट्टी म्हणजे इलॅस्टिकची एक पातळ फीत, दोन बाजूंना दोन टोके. ती बांधली असती तरी ते डोक्यावर राहिले असते का, याची मला आज शंका वाटते. आपण दिलेले हेल्मेट वाईट नव्हते. ते बांधकामावर, जमिनीवर उभे राहून काम करणाऱ्या माणसासाठी होते. चूक निवडीत होती, आणि निवड आमची होती.

कोण चढते, कशासाठी

शहरातल्या मंडळींना कदाचित कल्पना नसेल की डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार या पट्ट्यात झाडावर चढणे हा किती जणांचा रोजगार आहे. वारली, कोकणा, कातकरी, मल्हार कोळी घरांतले तरुण उन्हाळ्यात ताडगोळे उतरवतात, वाड्यांमध्ये नारळ पाडतात. कोणी ताडी-शिंदीच्या झाडांवर रोज सकाळ-संध्याकाळ चढतो. मे महिन्यात यांतले कितीतरी जण वसई-विरारपासून मुंबईपर्यंत ठेकेदारांबरोबर फांद्या छाटायला जातात, कारण पावसाआधी रस्त्यावरची आणि सोसायट्यांतली झाडे हलकी करून घ्यायची असतात. ताड किंवा उंच जातीचा माड सहज वीस मीटर असतो, म्हणजे सहा-सात मजली इमारत. पायात दोरीचे वेटोळे, कमरेच्या आकडीला कोयता, एवढ्यावर ते चढतात. काही वाड्यांत बुंध्यावर खाचा केलेल्या असतात. त्यात शेवाळ धरले की पाय ठेवणाऱ्याचे काय होते ते सांगायला नको.

हेल्मेट काय करते आणि काय करत नाही

हे आधी स्पष्ट करते, कारण बऱ्याच जणांच्या मनात हेल्मेट म्हणजे जीव वाचवणारी वस्तू असे पक्के बसले आहे. वीस मीटरवरून पडणारा माणूस जमिनीला टेकतो तेव्हा त्याचा वेग ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास असतो. त्या आपटण्यात मान, पाठ, छाती, काहीच वाचत नाही. डोक्यावर काय होते याला तिथे फारसा अर्थ उरत नाही. वीस मीटरवरून पडू न देणे हे दोराचे आणि अंगाला बांधायच्या हार्नेसचे काम आहे.

मग हेल्मेट कशासाठी? घसरून दोराला लटकलेला माणूस झोक्यासारखा बुंध्यावर आदळतो त्यासाठी. वरून सुटलेली फांदी, वाळकी झावळी, नारळ डोक्यावर येतो त्यासाठी. मान वर करताना फांदीचा खुंट टाळूत घुसतो त्यासाठी. आणि आमच्या तरुणासारखे दोन-तीन मीटरवरून पडणे, त्यासाठी. अशा प्रसंगी हेल्मेट फार मोठा फरक करते.

किती मार सोसते, याचा एक साधा हिशेब मी पाड्यावर मुलांना मांडून दाखवते. कामगारांच्या हेल्मेटचे ईएन ३९७ नावाचे युरोपीय मानक आहे. त्यात हेल्मेटच्या माथ्यावर पाच किलोचे वजन एक मीटर उंचीवरून टाकतात आणि आतल्या डोक्यापर्यंत किती जोर पोचतो ते मोजतात. पाच गुणिले एक, पाच. आता सोलाण्यासकट नारळ दीड किलोचा धरा. चढणाऱ्याच्या डोक्यावर तो घडातून सुटून मीटरभरावरून पडला तर दीड गुणिले एक, म्हणजे दीड. हेल्मेट हसत सोसते. तोच नारळ खाली उभ्या असलेल्या साथीदाराच्या डोक्यावर वीस मीटरवरून आला तर दीड गुणिले वीस, तीस! चाचणीच्या सहापट. म्हणजे वर चढणाऱ्याचे हेल्मेट त्याच्या कामाचे आहे, पण खालच्याने हेल्मेटच्या भरवशावर झाडाखाली उभे राहणे हा वेडेपणा आहे. त्याने लांबच उभे राहायचे. दहा नारळांचा सबंध घड पंधरा किलोचा होतो. तो मीटरभरावरून आला तरी पंधरा भरतात, म्हणून घड तोडण्याआधी दोरीला बांधून मग उतरवायचा. एरवी सुरक्षेच्या भाषणाला जांभया देणारी मुले हा हिशेब ऐकताना बोटांवर मोजू लागतात.

दोन जातींची हेल्मेट, आणि पट्टीचा घोळ

बाजारात आपल्या उपयोगाची हेल्मेट मुख्यतः दोन प्रकारची मिळतात. एक कारखान्या-बांधकामाची. त्यांचे भारतीय मानक आयएस २९२५, आणि युरोपचे वर सांगितलेले ईएन ३९७. दुसरी गिर्यारोहकांची, ज्यांचे मानक ईएन १२४९२. झाडावर चढणारा कामगारही असतो आणि गिर्यारोहकासारखा दोरावरही असतो, त्यामुळे दोन्हींतून त्याला काहीतरी हवे असते आणि तिथेच निवड अवघड होते.

सर्वांत मोठा फरक हनुवटीच्या पट्टीत आहे. ईएन ३९७ म्हणते, हेल्मेटला पट्टी असेल तर ती सुमारे १५ ते २५ किलोच्या ओढीला सुटून यायला हवी. कारण जमिनीवर काम करणाऱ्याचे हेल्मेट यंत्रात किंवा सळईत अडकले तर पट्टीनेच गळा आवळला जाऊ नये. ईएन १२४९२ नेमके उलट सांगते. पट्टीने सुमारे ५० किलोची ओढ सोसली पाहिजे, कारण दोरावर लटकलेल्या माणसाचे डोके एकदा आपटून थांबत नाही. पहिल्या धक्क्याला हेल्मेट उडाले तर दुसऱ्या धक्क्याला डोके उघडे.

मग आमच्या माणसाला कोणती पट्टी? जो हार्नेस घालून, दोराला बांधून चढतो त्याला न सुटणारी. त्याच्या अंगाचा भार हार्नेसवर राहतो, त्यामुळे हेल्मेट फांदीच्या बेचक्यात अडकले तरी तो गळ्यावर लटकत नाही. खाली राहून दोर धरणाऱ्याला, फांद्या ओढणाऱ्याला सुटणारी पट्टी. आणि ज्याला दोर-हार्नेसच नाही त्याला? त्याला आधी दोर द्यायचा. हेल्मेटची चर्चा नंतर. काही कंपन्या एकाच पट्टीला दोन तऱ्हेने लागणारे बकल देतात. एका जागी लावले तर सुटते, दुसऱ्या जागी लावले तर धरून ठेवते. कल्पना उत्तम आहे, पण घाईत कोण कुठे लावेल याचा भरवसा नाही. म्हणून आम्ही ती घेणार नाही, चढणाऱ्यांची वेगळी आणि खालच्यांची वेगळी घेणार आहोत. रंगही वेगळे, म्हणजे लांबून ओळखू येतील.

दुसरा फरक कमी बोलला जातो, पण मला तो तितकाच महत्त्वाचा वाटतो. ईएन ३९७ मध्ये मुख्य मार माथ्यावरचा तपासतात. ईएन १२४९२ मध्ये पुढून, मागून आणि बाजूनेही तपासतात. झाडावरच्या माणसाला फांदी माथ्यावर लागते, पण बुंधा लागतो तो कानशिलावर. पिवळ्या हेल्मेटमध्ये कानशिलापाशी पातळ कवचाशिवाय काहीच नव्हते. अमेरिकेतून काही हितचिंतक हेल्मेट पाठवू पाहतात. त्यांनी तिथल्या मानकात 'टाइप २' लिहिलेले पाहावे, बाजूचा मार त्यातच धरलेला असतो.

दरवर्षी कोणीतरी जुनी मोटरसायकलची हेल्मेट देऊ करते. भावना चांगली आहे, पण कृपया देऊ नका. आयएस ४१५१ मानकाचे ते हेल्मेट रस्त्यावर उत्तम आहे. झाडावर ते जड पडते. मान मागे करून वर पाहायला गेले की त्याची मागची कड पाठीला अडते, आणि वर न पाहता झाडावर काम होत नाही. कान झाकलेले असल्याने खालून "सांभाळ!" म्हणून ओरडलेले ऐकू येत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात ताडावर ते घालून दाखवा, मग आपण बोलू. सायकलची हेल्मेटही नकोत. त्यांच्या मोठ्या भोकांतून फांदीचा खुंट सरळ आत येतो.

गिर्यारोहणाच्या हेल्मेटमध्येही दोन तऱ्हा आहेत. काहींत सगळे काम दाबून बनवलेला फेस करतो, ती फार हलकी असतात. काहींत कडक प्लास्टिकचे कवच आणि आत पट्ट्यांची जाळी. आमची मुले हेल्मेट पोत्यात कोंबतात, टेम्पोत त्यावर बसतात, कधी त्यातून पाणी पितात. फेसाचे हेल्मेट बसल्यानेच फुटते आणि आतून फुटलेले बाहेरून दिसत नाही. म्हणून पन्नास-शंभर ग्रॅम जास्त झाले तरी कडक कवचाचेच बरे, असे माझे मत.

आता उन्हाचे. "डोकं तापतं, सिस्टर," ही तक्रार खोटी नाही. हवेची भोके असलेले, पांढरे किंवा फिकट रंगाचे हेल्मेट घेतले की निम्मी तक्रार जाते. फक्त एक लक्षात ठेवायचे. भोकांचे हेल्मेट विजेपासून संरक्षण देईल असे धरू नये. खरे तर तारेजवळच्या झाडावर कोणतेच हेल्मेट कामाचे नाही, कारण वीज डोक्यातून येत नाही, ती ओल्या फांदीतून किंवा हातातल्या लोखंडी कोयत्यातून येते. महावितरणला कळवून लाइन बंद करून घेतल्याशिवाय त्या झाडाला हात लावायचा नाही, ठेकेदार काहीही म्हणो.

मध काढणाऱ्यांची गोष्ट वेगळी. आग्या मोहोळाच्या माश्या भोकांतून आत शिरतात आणि मग माणूस वीस मीटरवर हेल्मेट काढून फेकतो. हे मी ऐकलेले नाही, पाहिले आहे. त्यांच्यासाठी भोके आतून बारीक जाळीने बंद केलेली हवीत आणि पुढे चांगली टोपीसारखी कड हवी, म्हणजे तोंडावरची जाळी नाकाला चिकटत नाही. उलट फांद्या छाटणाऱ्याला कड आखूड हवी, नाहीतर वरची फांदी दिसत नाही. चेनसॉ चालवणाऱ्यांना कानावरचे मफ आणि डोळ्यांपुढची जाळी बसवता येईल अशा खाचांचे हेल्मेट लागते. ते सर्वांत महाग. तशी मोजकीच घेऊ.

खरे-खोटे कसे ओळखावे

आठवड्याच्या बाजारात शंभर-दोनशे रुपयांना हेल्मेट मिळते आणि त्यावरही आयएसआयचा शिक्का असतो. शिक्का खरा असेल तर त्याच्या वर मानकाचा क्रमांक, म्हणजे आयएस २९२५, आणि खाली 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. भारतीय मानक ब्यूरोचे 'बीआयएस केअर' नावाचे मोबाइल ॲप आहे. त्यात हा परवाना क्रमांक घातला की कंपनीचे नाव आणि कोणत्या वस्तूसाठी परवाना आहे ते दिसते. आपल्या तरुण संघातल्या मुलांनी ही तपासणी करून दिली तर आमचे मोठे काम होईल. परदेशी मानकाचे हेल्मेट असेल तर मानकाचा क्रमांक आणि बनवल्याचे वर्ष-महिना आतल्या बाजूला प्लास्टिकमध्येच उठवलेला असतो. महिन्यांसाठी बहुतेक घड्याळासारखे वर्तुळ असते आणि बाण महिना दाखवतो. नुसत्या चिकटवलेल्या कागदी लेबलवर विश्वास ठेवू नये.

तारीख महत्त्वाची, कारण प्लास्टिक म्हातारे होते. ऊन त्याला आतून ठिसूळ करते. बहुतेक उत्पादक वापराची काही वर्षांची मर्यादा देतात आणि ती हेल्मेटबरोबरच्या कागदावर असते. आमच्याकडे सूर्य कागद वाचत नाही, म्हणून मी आणखी एक जुनी कामगारी रीत वापरते. हेल्मेट दोन्ही हातांत धरून दोन बाजूंनी किंचित दाबायचे. करकर आवाज आला, रंग पांढुरका-खडूसारखा झालेला असला किंवा केसासारखी बारीक चीर दिसली, तर ते बाद. एकदा जोरात मार बसलेले हेल्मेट तर बाहेरून कितीही चांगले दिसले तरी बाद. ते तोडूनच टाकायचे, नाहीतर कोणीतरी घरी नेतो.

डोक्यावर कसे बसावे

मागच्या वर्षी आम्ही एकाच मापाची हेल्मेट रांगेत वाटली. या वर्षी प्रत्येकाचे डोके फितीने मोजले आहे. कपाळावरून, कानांच्या वरून फिरवलेली फीत. मागे चाक असलेले हेल्मेट चाक फिरवून घट्ट करता येते, ते सोपे पडते. पट्टी न लावता खाली वाकले तरी हेल्मेट पडू नये. पुढची कड भुवयांच्या दोन बोटे वर असावी, मागे कललेले हेल्मेट कपाळ उघडे टाकते. पट्टी कानांच्या दोन्ही बाजूंनी येऊन कानाखाली एकत्र होणारी असावी आणि हनुवटीखाली एक-दोन बोटे जातील एवढीच सैल. मग कोणीतरी मागून हेल्मेट पुढे ढकलून पाहायचे. डोळ्यांवर येऊन निघाले तर पट्टी चुकीची लागली आहे. पट्टी खाजते म्हणून काढली जाते, हा धडा आम्ही महागात शिकलो. म्हणून या वेळी हनुवटीखाली मऊ सुती कापडाची खोळ शिवून लावायची आहे. महिला मंडळाने ते काम आनंदाने मागून घेतले.

कवच आणि आतली जाळी यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते तीच खरे तर डोके वाचवते. मार बसला की जाळी ताणते आणि ते अंतर कमी होते, डोक्याला कवच टेकत नाही. आता गंमत ऐका. वाटपानंतर दोन महिन्यांनी मी एका पाड्यावर हेल्मेट उलटी करून पाहिली, तर त्या मोकळ्या जागेत विडीचे बंडल, काडेपेटी, तंबाखूची पुडी आणि एकात मोबाइल. खिशाला सर्वांत चांगली जागा तीच, भिजत नाही! टोप्याखाली जाड फडके बांधण्याचेही तेच. घामासाठी पातळ सुती टोपी चालते. टॉवेल गुंडाळून वर हेल्मेट ठेवले की ते डोक्यावर बसत नाही, तरंगते.

आणखी एक, थोड्या संकोचाने. एका हितचिंतक भगिनीने सुचवले होते की हेल्मेटवर वारली चित्रे रंगवून घेऊ, प्रदर्शनात मांडू, त्यातून निधी उभा राहील. सूचना इतकी प्रेमळ होती की नाही म्हणताना जड गेले. पण ऑइलपेंट आणि थिनर प्लास्टिकला कमकुवत करतात, आणि रंगाखाली चीर दिसत नाही. चित्रे कागदावर, कापडावर काढू. हेल्मेट साबण आणि पाण्यानेच धुवायचे, चुलीवरच्या आढ्याला टांगायचे नाही.

दोर आणि कायदा

केरळमध्ये नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये नारळावर चढणाऱ्यांना प्रशिक्षण देण्याचा कार्यक्रम सुरू केला. त्यात पायाने चालवायचे चढण्याचे यंत्र देतात आणि कितीतरी स्त्रियाही ते शिकल्या. मंडळाची 'केरा सुरक्षा' ही चढणाऱ्यांसाठीची अपघात विमा योजनाही आहे. तेलंगणात २०२४ मध्ये सरकारने ताडी उतरवणाऱ्यांना दोर आणि हार्नेसचे सुरक्षा संच वाटायला सुरुवात केली. या दोन्हींत भर आहे तो माणूस पडू नये यावर, आणि तेच बरोबर. नारळ विकास मंडळाचे एक प्रक्षेत्र आपल्या पालघरलाही आहे. तिथे प्रशिक्षण आणि विम्याची चौकशी आम्ही करत आहोत. चढण्याचे यंत्र सरळसोट माडावर छान चालते, पण फांद्यांच्या झाडावर त्याचा उपयोग नाही. तिथे आयएस ३५२१ मानकाचा पूर्ण अंगाचा हार्नेसच हवा. नुसता कमरेचा पट्टा पडणाऱ्याची कंबर मोडतो.

ठेकेदाराकडे कामाला जाणाऱ्या मुलांना आणखी एक गोष्ट आम्ही समजावून सांगतो. कामावर दुखापत झाली तर मालकाने भरपाई द्यायची, हे तत्त्व १९२३ च्या कायद्यापासून चालत आले आहे. पण त्यातच अशीही तरतूद आहे की सुरक्षेसाठी दिलेले साधन कामगाराने जाणूनबुजून काढले किंवा वापरले नाही, तर मालक भरपाई नाकारू शकतो. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर हा बचाव चालत नाही. त्याहून कमी दुखापतीत चालू शकतो. म्हणजे गळ्याला खाजणारे, डोळ्यांवर घसरणारे हेल्मेट देऊन सही घेतली की उद्या तेच हेल्मेट त्या मुलाविरुद्ध पुरावा होऊ शकते. घालवेल असे हेल्मेट देणे म्हणूनही गरजेचे आहे.

आणि डोक्याला मार बसलाच तर. जो माणूस पडून थोडा वेळ बेशुद्ध झाला आणि मग उठून बोलू लागला, त्याला "बरा झाला" म्हणून घरी पाठवायचे नाही. आमच्या तरुणाच्या बाबतीत हीच रात्र वाया गेली. उलट्या, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा, बरळणे, कानातून किंवा नाकातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, एक बाहुली मोठी आणि एक लहान, हात-पाय लुळा पडणे, यातले एकही दिसले तर १०८ ला फोन. मान न हलवता आडवे ठेवावे. चहा, पाणी, काहीही तोंडात घालू नये. हेल्मेट डोक्यावर असेल तर श्वासाला अडथळा नसेपर्यंत ओढून काढू नये, पट्टी तेवढी सैल करावी.

या वर्षीच्या मागणीत न सुटणाऱ्या पट्टीची, कडक कवचाची, फिकट रंगाची हेल्मेट चढणाऱ्यांसाठी आहेत, आयएस २९२५ ची साधी हेल्मेट खालच्या साथीदारांसाठी, आणि प्रत्येक चढणाऱ्यामागे एक हार्नेस व दोर. गिर्यारोहणाचे एक हेल्मेट दोन-तीन हजारांच्या पुढे जाते, हिशेब तिथेच वाढला आहे. पैसे अपुरे पडले तर आधी हार्नेस आणि दोर घेऊ, हेल्मेट त्यानंतर. ताडगोळ्यांचा हंगाम मार्चमध्ये सुरू होतो, त्याआधी सर्व हाती आले तर माप जुळवून, चढून-उतरून सराव करून घ्यायला दोन आठवडे मिळतात. ज्यांच्या घरी गिर्यारोहणाचे जुने साहित्य पडून आहे त्यांना एक विनंती: जुने दोर आणि जुनी हेल्मेट पाठवू नयेत. त्यांनी किती ऊन आणि किती झटके सोसले आहेत ते आम्हाला इथे बसून कळत नाही. कॅराबिनर मात्र पाठवा. फाटक नीट मिटत असेल, चीर किंवा गंज नसेल आणि उंचावरून दगडावर पडलेले नसेल, तर निदान हत्यारे आणि सामानाच्या पिशव्या वर ओढून घ्यायला ते नक्की उपयोगी पडतील.